एका 'अ'वर झालेलं एकमत

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना विधिमंडळात सगळे 'शब्दशः बाई' म्हणत. त्या तिथे लघुलेखिका होत्या. सभागृहात कोण काय बोललं ते खुणांच्या लिपीत भराभर उतरवून घ्यायचं आणि बाहेर जाऊन नीट टाइप करायचं, हे त्यांचं काम. एखादा सदस्य दुसऱ्या दिवशी यायचा आणि म्हणायचा, "बाई, मी असं बोललोच नव्हतो हो." बाई वही काढायच्या, खुणेवर बोट ठेवायच्या, वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "शब्दशः आहे." सदस्य डोकं खाजवत परत जायचा. एकतीस वर्षांत त्यांचं एकही वाक्य खोडावं लागलं नव्हतं. त्याचा गर्व होता का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "होता की. माणसाला एखाद्या तरी गोष्टीचा असावा."

सभागृहाच्या मधोमध एक लांबट टेबल असतं, तिथे लघुलेखकांची पाळी चालते. दहा मिनिटं एकानं लिहायचं, मग बाजूच्या दारानं दुसरा येतो, शेजारी बसतो, टेबलावर बोटानं हलकंसं टकटक करतो आणि पहिला चालू वाक्य संपवून उठतो. बाईंच्या नंतरची पाळी सव्वीस वर्षं एकाच गृहस्थांची होती. बाई त्यांना जोडीदार म्हणायच्या. प्रत्येकाच्या खुणांना हाताचं आपलं वळण असतं, ते दुसऱ्याला सहसा लागत नाही. पण या दोघांना एकमेकांची वही घरच्या चिठ्ठीसारखी वाचता यायची.

घरात बाई, त्यांचे यजमान आणि नणंद. यजमान लिफ्टचे मेकॅनिक, आता निवृत्त. नणंद धाकटी, शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची, तीही निवृत्त, आणि लग्न न केल्यामुळे भावाकडेच राहिलेली. भाऊ-बहिणीचं पूर्वी छान जमायचं. बिनसलं ते त्या निवडणुकीनंतर.

निवडणुकीत दोन पक्षांना अगदी सारख्या जागा मिळाल्या. अडतीस आणि अडतीस. एक पक्ष सभागृहात खिडक्यांच्या बाजूला बसायचा, दुसरा दारांच्या. म्हणून कर्मचारी आपसात त्यांना खिडकीकडचे आणि दाराकडचे म्हणत. खिडकीकडच्यांचे नेते पेशानं वकील, दाराकडच्यांचे डॉक्टर. दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. सभापती निवडायचा तर एक मत जास्त हवं, आणि ते एक मत कुणाकडेच नव्हतं. सभापती नाही म्हणून कायदा नाही, मंजुरी नाही, काही नाही. वयानं सगळ्यात मोठे सदस्य तात्पुरते खुर्चीवर बसायचे, आरडाओरडा सुरू झाला की हातोडा आपटायचे आणि कामकाज तहकूब करून घरी जायचे. नव्या रुग्णालयाची इमारत बांधून तयार होती, खाटासुद्धा येऊन पडल्या होत्या. पण ते सुरू करायला सभागृहाची मंजुरी हवी, म्हणून दाराला कुलूप. असे आठ महिने गेले. बाई सांगतात, त्या आठ महिन्यांत त्यांनी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे कंसातला 'गोंधळ'.

तोच गोंधळ घरी. यजमान खिडकीकडच्यांचे, नणंद दाराकडच्यांची. आधी वाद, मग टोमणे, मग अबोला. जेवताना यजमान म्हणायचे, "तिला म्हणावं मीठ सरकव." नणंद म्हणायची, "वहिनी, दादाला सांग, मीठ त्याच्या हाताशीच आहे." बाई मधे. बाईंचं स्वतःचं मत काय, हे दोघांपैकी कुणालाच कधी कळलं नाही. "नोकरी असेपर्यंत मला मत नाही," एवढंच त्या म्हणायच्या. यजमान एकदा वैतागून म्हणाले होते, "लिफ्ट अडकली तर आतली माणसं निदान एकमेकांशी बोलतात तरी. या लोकांना तेवढंही जमत नाही."

नवव्या महिन्यात विधिमंडळाच्या सचिवांनी गुरुजींना मधे पडायला बोलावलं. गुरुजी म्हणजे जुने सभापती. वय एक्याऐंशी, आता कुठल्याच पक्षात नाहीत, दोन्हीकडचे लोक त्यांच्या पाया पडणारे. त्यांनी वकीलसाहेब आणि डॉक्टर दोघांना एका खोलीत बसायला राजी केलं. दुसरं कुणी आत यायचं नाही, बाहेर कुणी बोलायचं नाही. पण जे ठरेल ते लिहून ठेवणार कोण, यावर दोन दिवस गेले. एकाचा कारकून दुसऱ्याला चालेना. शेवटी दोघांनी एकदमच बाईंचं नाव घेतलं. सचिवांनी बाईंना बोलावून हे सांगितलं, तेव्हा जिना उतरताना चेहऱ्यावरचं हसू आवरेना म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या मजल्यावर ग्रंथालयामागे ती खोली होती. एक गोल टेबल, सहा खुर्च्या, एक कायमची बंद खिडकी आणि गळणारा एसी, त्याच्याखाली बादली. तिथे नऊ बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत बाईंना जो धक्का बसला तो सुखाचा होता. सभागृहात एकमेकांचे बाप काढणारी ही दोन माणसं दार लागल्यावर हळू आवाजात, सभ्यपणे बोलायला लागली. डॉक्टरांनी वकीलसाहेबांच्या गुडघ्याची चौकशी केली. वकीलसाहेबांनी डॉक्टरांच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. कधी बादली भरली की डॉक्टरच उठून ती बाजूला करायचे.

सात मुद्दे तयार झाले. सभापतिपद दोन वर्षं यांच्याकडे, दोन वर्षं त्यांच्याकडे. रुग्णालयाची मंजुरी पहिल्याच दिवशी. आणि असंच आणखी. शेवटच्या बैठकीत गुरुजींनी एकेक मुद्दा मोठ्यानं वाचला आणि प्रत्येकाला विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, "मान्य." डॉक्टर म्हणाले, "मान्य." सात मुद्दे, दोन माणसं. बाईंनी चौदा वेळा मान्य लिहिलं. शेवटी दोघांनी हात मिळवले. वकीलसाहेबांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, हे आपण आधीच करायला हवं होतं."

बाईंनी मसुद्याच्या चार प्रती टाइप केल्या आणि सचिवांच्या हातात बंद पाकिटात दिल्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याच खोलीत सह्या व्हायच्या होत्या. त्या दिवशी घरी गेल्यावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पण नणंदेच्या लक्षात आलंच. "वहिनी, तू आज गुणगुणत पोळ्या लाटतेयस," ती म्हणाली.

सकाळी वर्तमानपत्र आलं, त्यात पहिल्या पानावर सातही मुद्दे छापलेले होते.

कुणी फोडले ते आजवर कळलेलं नाही. बाई ऑफिसात पोचल्या तेव्हा लांबलचक व्हरांड्यात माणसंच माणसं होती. त्यांना वाटलं, नेहमीसारखे दोन पक्ष भांडताहेत. जवळ गेल्यावर कळलं, प्रत्येक पक्ष आपापल्या नेत्याला घेरून उभा होता. खिडकीकडचे वकीलसाहेबांना म्हणत होते, आम्हाला विकून आलात. दाराकडचे डॉक्टरांना तेच म्हणत होते, त्याच शब्दांत. अकरा वाजता वरच्या खोलीत फक्त गुरुजी आणि बाई होते. साडेअकरापर्यंत कुणी आलं नाही. गुरुजी काठी घेऊन उठले आणि म्हणाले, "येतील ते. थोडे तापलेत." आणि घरी गेले.

सभागृह साडेबाराला भरलं. बाईंची पाळी एक वाजता होती. त्या बाजूच्या दारानं आत गेल्या, बसल्या, टकटक केलं, वही उघडली. तेवढ्यात वकीलसाहेब उभे राहिले.

"आज जे छापून आलंय त्याबद्दल खुलासा करतो," ते म्हणाले. "चर्चा झाली, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक मुद्द्याला मी 'अमान्य' असंच म्हणालो होतो. लिहून घेणाऱ्या बाईंच्या कानातून माझा 'अ' निसटला."

कुणीतरी हसलं. बाईंच्या पेन्सिलीनं ते वाक्य लिहून टाकलं. त्या सांगतात, हाताला अर्थ लागत नाही, तो फक्त आवाज उतरवत जातो. अर्थ मागून येतो. तो आला तेव्हा त्यांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्यांनी मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं. लिहिताना मान वर करायची नसते. एकतीस वर्षांत त्यांनी केली नव्हती. त्यांना वाटलं, आता डॉक्टर उठतील आणि खोटं पाडतील. हाडवैरी आहेत, एवढी संधी सोडणार नाहीत.

डॉक्टर उठले. ते छताच्या पंख्याकडे बघत बोलले. "माझ्या सन्माननीय मित्रांशी माझं या सभागृहात कधीच जमलं नाही. पण एवढ्या एका बाबतीत मी त्यांच्याशी सहमत आहे. माझाही 'अ' निसटला."

बाईंनी लिहिलं. पुढे कंसात 'हशा' असंही लिहिलं, कारण हशा झाला होता.

मग प्रस्ताव आला. सभापती नसताना कायदा करता येत नसे, पण चौकशीचा ठराव करता यायचा. लेखनातल्या गंभीर चुकीबद्दल संबंधित लघुलेखिकेची चौकशी व्हावी, असा प्रस्ताव खिडकीकडच्यांनी मांडला आणि दाराकडच्यांनी त्याला पाठिंबा दिला. खुर्चीवरच्या म्हाताऱ्या सदस्यांनी विचारलं, बाजूनं कोण? त्यांचा स्वतःचा धरून शहात्तर हात वर गेले. विरोधात कोण? सभागृह शांत. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच इतकं शांत, की बाईंना आपल्या पेन्सिलीचा कागदावरचा आवाज ऐकू येत होता. मग दोन्ही बाजूंनी बाकं वाजली.

शेजारी जोडीदार येऊन बसले होते. टकटक त्यांनी केलीच नाही. बाईंनी 'प्रस्ताव एकमताने संमत' एवढं पूर्ण केलं, वही मिटली आणि उठल्या. दारावरच्या सुरक्षारक्षक बाईनं आनंदानं विचारलं, "काय हो बाई, जमलं वाटतं दोघांचं? बाकं वाजलेली ऐकली."

बाई टाइपाच्या खोलीत गेल्या आणि आपली दहा मिनिटं जशीच्या तशी टाइप केली. स्वतःच्या चुकीचा ठरावसुद्धा. एकही अक्षर चुकलं नाही, असं त्या सांगतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही बदलतो.

त्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. यजमान आणि नणंद समोरासमोर बसून बोलत होते. किती महिन्यांनी. बाई चप्पल काढत होत्या, तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, रागावू नकोस. पण तुझंच काहीतरी ऐकायचं राहिलं असेल ग. ते दोघं कधी दिवसाला दिवस म्हणायला एकत्र येत नाहीत. ते एकच गोष्ट सांगतायत म्हणजे ती खरीच असणार ना?"

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमान जमिनीकडे बघत म्हणाले, "तेही आहेच."

"मी पायातली एकच चप्पल काढून तशीच उभी राहिले," बाई मला म्हणाल्या. "सभागृहात मी शेवटपर्यंत लिहीत राहिले. घरी दुसरी चप्पल काढायचं सुचेना."

भाजीवाल्यापासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांचं म्हणणं हेच. एका पक्षानं आरोप केला असता तर दुसऱ्या पक्षाचे लोक बाईंच्या मागे उभे राहिले असते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे दोघांचं एकदाच जमलं आणि तिसरी त्यात चिरडली.

सचिवांनी त्यांना बोलावून एक कागद पुढे केला. 'ऐकण्यात अनवधानाने चूक झाली' एवढंच त्यावर होतं.

"सही करा आणि मोकळ्या व्हा," सचिव म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "अकरा महिने राहिलेत निवृत्तीला. कशाला डोक्याला ताप?"

"साहेब, एखाद्याचा एखादा 'अ' निसटेल," बाई म्हणाल्या. "दोन माणसांचा मिळून चौदा वेळा?"

"मला कळतंय बाई."

"मग?"

"मला कळून काय उपयोग?"

बाईंनी सही केली नाही. मग चौकशी समिती बसली. एक सदस्य खिडकीकडचा, एक दाराकडचा, आणि सचिव. समितीनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाईंना कान तपासायला पाठवलं.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना एका लहानशा काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड यंत्र लावलं आणि हातात एक बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. बाई सांगतात, त्या खोलीत बसल्यावर त्यांना पहिल्यांदाच स्वतःबद्दल शंका आली. समजा, खरंच ऐकू येत नसेल तर? आवाज बारीक बारीक होत गेला, मुंगी चालल्यासारखा, आणि त्या दाबत राहिल्या. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी तक्ता पाहून विचारलं, "तुमचं वय बरोबर लिहिलंय ना? हे कान तिशीतल्या माणसाचे आहेत."

तो तक्ता घेऊन बाई थेट गुरुजींकडे गेल्या. खोलीत तिसरा माणूस तेच होते. त्यांनी एक शब्द सांगितला असता तरी पुरे होतं. सून दार उघडून त्यांना आत घेऊन गेली आणि गुरुजींच्या कानाशी वाकून ओरडली, "बाबा, विधिमंडळातल्या बाई आल्यात." गुरुजींनी शेजारच्या स्टुलावरचं छोटं यंत्र उचललं, कानात बसवलं आणि बाईंकडे वळले. बाई त्या यंत्राकडे बघतच राहिल्या. वरच्या खोलीत नऊ बैठकांत ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

"तुम्ही हे तिकडे लावत नव्हतात," त्या म्हणाल्या.

"नाही," गुरुजी म्हणाले. ते काठीची मूठ चोळत राहिले. "आठ वर्षांनी कुणी मला बोलावलं होतं बाई. ऐकू येत नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं. मुद्दे मीच वाचत होतो, ते मला ठाऊक होते. मग मी त्यांच्या तोंडांकडे बघायचो. ओठ हलले, चेहरे शांत दिसले, की पुढचा मुद्दा घ्यायचो."

ज्यांच्या मध्यस्थीवर आठ महिन्यांचं कुलूप उघडायचं होतं, त्यांनी त्यातलं काही ऐकलंच नव्हतं.

"पण तुमची वही खरी आहे, याबद्दल मला शंका नाही," गुरुजी म्हणाले. "तुम्ही म्हणत असाल तर समितीपुढे येऊन सांगतो. माझ्या कानांनी ऐकलं, असं सांगतो. माझं कोण खोटं म्हणेल?"

खरं होतं ते. त्यांना कुणी खोटं म्हटलं नसतं. सुनेनं पाणी आणून ठेवलं, ते बाईंनी सगळं पिऊन टाकलं. मग त्या म्हणाल्या, "नको गुरुजी. न ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगू नका. माझी वही त्याच्यावर उभी राहायला नको."

मी त्यांना विचारलं, तेव्हा मोह नाही झाला? म्हणाल्या, "जिना उतरून खाली आल्यावर झाला. परत वर जावंसं वाटलं. कोपऱ्यापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा मागे फिरले, पण वर गेले नाही."

आता राहिली ती वही. ती सीलबंद पाकिटात समितीकडे होती. बाईंनीच वाचली तर कोण मानणार? म्हणून जोडीदारांना बोलावलं. हे ऐकल्यावर बाईंचा जीव भांड्यात पडला. सव्वीस वर्षांचा शेजार. आणि या लिपीत स्वर बरेचसे गाळले जातात हे खरं, पण नकाराचा 'अ' कधीही गाळायचा नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. 'मान्य'च्या खुणेआधी एक टिंब दिलं की 'अमान्य' होतं. बाई ते टिंब इतकं ठळक देत की कधी कधी मागच्या पानावर उमटायचं. जोडीदार यावरून त्यांची थट्टा करायचे, "बाई, टिंब देताय की खिळा ठोकताय?"

सचिवांच्या खोलीत जोडीदारांनी वही वाचली. सातही मुद्दे, चौदा वेळा मान्य, हात मिळवल्याचं, आणि 'हे आपण आधीच करायला हवं होतं' हे वाक्यही. स्वच्छ, स्पष्ट, अडखळल्याशिवाय. समितीतले दोन्ही सदस्य खाली बघत होते. मग खिडकीकडच्यानं विचारलं, "इथे टिंब आहे का?"

"नाही," जोडीदार म्हणाले.

दाराकडच्यानं विचारलं, "घाईत लिहिताना टिंब राहून जाऊ शकतं का?"

जोडीदारांनी बोट पानावरच ठेवलं. बाई त्यांच्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या.

"राहून जाऊ शकतं," जोडीदार म्हणाले.

"आभारी आहोत," दाराकडचा म्हणाला, आणि वही मिटली.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी त्यांना गाठलं. "माझं राहतं का? सव्वीस वर्षांत एकदा तरी राहिलंय?"

"त्यांनी तुमचं विचारलं नाही," जोडीदार म्हणाले. "राहू शकतं का, एवढंच विचारलं. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं." ते बाईंच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. "मला अजून सहा वर्षं आहेत बाई."

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात बाईंना सगळ्यात मोठा धक्का हा होता. वकीलसाहेब खोटं बोलले, डॉक्टर खोटं बोलले. जोडीदार खोटं बोलले नव्हते. त्यामुळे त्यांना काही म्हणताच येईना. त्या दिवसानंतर ते पाळीला आले की टकटक करायचे, बाई उठायच्या, पण दोघांनी एकमेकांची वही पुन्हा वाचली नाही.

समितीचा अहवाल दीड पानी होता. चूक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. शिक्षा काही नाही. पुढच्या महिन्यापासून बाईंना सभागृहातून काढून जुन्या खंडांची सूची करायच्या कामाला बसवलं, तळघरात. समझोता अर्थातच मोडला. सातपैकी एकही मुद्दा पुढे सरकला नाही, आणि चौकशीचा ठराव सोडला तर त्या सभागृहानं आणखी काहीही संमत केलं नाही. तीन महिन्यांनी ते बरखास्त झालं. पुन्हा निवडणूक झाली आणि एकोणचाळीस-सदतीस असा निकाल लागला. दाराकडच्यांचा सभापती झाला. पाच आठवड्यांत त्यांचा एक सदस्य खिडकीखाली जाऊन बसला आणि पुन्हा अडतीस-अडतीस. रुग्णालयाला मंजुरी मिळायची राहिली ती राहिलीच.

बाईंच्या निरोप समारंभाला उपाहारगृहात टेबलं जोडून ठेवली होती. फार तर वीसेक माणसं येतील, असं त्यांना वाटलं होतं. भाषणं सुरू होणार तेवढ्यात वकीलसाहेब आत आले, आणि त्यांच्या मागोमाग डॉक्टर. दोघांच्या हातात फुलं.

वकीलसाहेब बोलले. "या सभागृहाला बाईंइतकी अचूक लघुलेखिका पुन्हा मिळणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आम्ही तो मान खाली घालून ऐकत आलो."

कुणी हसलं नाही. उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई मला सांगत होत्या, "मी दोघांच्या चेहऱ्यांकडे नीट निरखून पाहिलं हो. कुठे तरी जरा लाज असेल, ओशाळलेपण असेल, निदान खोडसाळपणा तरी असेल. काही नव्हतं. ते मनापासून बोलत होते. त्यांना ते आठवतच नव्हतं, किंवा आठवून त्यांना त्यात काही वाटत नव्हतं. मला ते बघून भीती वाटली."

त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाई उभ्या राहिल्या. टेबलाच्या टोकाला जोडीदार समोरची बशी फिरवत बसले होते.

"मला बोलायची सवय नाही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांनी बोललेलं लिहिलं. जसं बोलले तसं लिहिलं. चौदा वेळासुद्धा." आणि खाली बसल्या.

डॉक्टर पुढे होऊन त्यांना फुलं देत म्हणाले, "छान बोललात." चौदा म्हणजे काय, हे त्या खोलीत चार-पाच जणांना तरी कळलं असेल. कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बाईंनी फुलं घेतली, चहाला थांबल्या नाहीत, चालत घरी आल्या. फुलं यजमानांनी बादलीत घालून ठेवली.

याला आता वर्ष होत आलं. यजमानांनी तेव्हाच्या त्या 'तेही आहेच'बद्दल कधी माफी मागितली नाही, पण बातम्या लागल्या की ते आपणहून टीव्ही बंद करतात आणि उगाचच घरातल्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसतात. भाऊ-बहीण पुन्हा बोलायला लागलेत, जेवणात मीठही सरकतं. राजकारणाचा विषय तेवढा निघत नाही.

परवा दुपारी मी वर गेलो होतो. बाई आणि नणंद जमिनीवर कागद पसरून घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. बोलणं असंच इकडचं तिकडचं चाललेलं. नणंदेनं मान वर न करता मधेच विचारलं, "वहिनी, ते दोघं खरंच 'मान्य' म्हणाले होते?"

माझ्यादेखत विचारलं, म्हणजे तिला बरेच दिवस विचारायचं असणार.

"हो," बाई म्हणाल्या.

"आमचे डॉक्टरसुद्धा?"

"त्यांनी सहाव्या मुद्द्याला तर दोनदा म्हटलं. मी एकदाच लिहिलं."

नणंद शेंगा मोडत राहिली. एक, दोन, तीन. मग तिचा हात थांबला. "मग आता कुणाचं काय ऐकायचं ग?" ती म्हणाली, आणि बाईंकडे बघत बसली.

बाईंनी तिच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि निवडायला सुरुवात केली.